बेस कॅम्प झाला, आता एव्हरेस्टसाठी कर्ज काढू का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी मला जे समजलं ते थोडक्यात मांडतो. वय ३७, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला. सह्याद्रीत बरीच वर्षं भटकंती, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड आणि अलंग-मदन-कुलंगही झालेलं. गेल्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केलात, डोकंसुद्धा दुखलं नाही. आता दोन वर्षांत एव्हरेस्ट चढायचं आहे. पैशांसाठी पर्सनल लोन काढायचं की गावची जमीन विकायची, एवढंच ठरायचं बाकी आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "आयुष्यात एकदा तरी सर्वांत मोठं काहीतरी करून दाखवायचं आहे. जमेल का?"

जमू शकतं. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच नोकरी करणारी माणसं दर मे महिन्यात वर पोहोचतात. पण माझ्या मते खरा प्रश्न तो नाही. साउथ कोलपर्यंत, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पपर्यंत गेल्यावर, शिखर एका रात्रीच्या चढाईवर असताना मागे फिरावं लागलं, तर ते तुम्हाला परवडेल का? याचं उत्तर आज "नाही" असेल, तर दोन वर्षांत जाऊ नका. कर्जाचा मुद्दाही मी याच नजरेने पाहतो.

मी ठाण्यात राहतो. प्रस्तरारोहण शिकवतो, हिमालयातल्या कोर्सना आणि मोहिमांना जाणाऱ्यांची तयारी करून घेतो. स्वतः सहा-सात हजार मीटरच्या मोहिमा केल्या आहेत. त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेल्या माणसांकडे बघून लिहितोय. काही गोष्टी मात्र तुम्हाला बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. तुमचं हृदय आणि रक्तदाब, घरी अवलंबून कोण आहे, सलग दोन महिने रजा मिळेल का, यावर बरंच काही ठरतं. आणि सात हजारांच्या वर तुमचं शरीर कसं वागेल, हे तिथे गेल्याशिवाय कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही.

आधी बेस कॅम्पबद्दल. तुम्हाला त्रास झाला नाही ही चांगली खूण आहे, तिला कमी लेखू नका. पण ती कशाची खूण आहे ते नीट बघा. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. तिथपर्यंत तुम्ही नामचेला आणि दिंगबोचेला जादा मुक्काम करत, टप्प्याटप्प्याने गेलात. म्हणजे पुरेसा वेळ दिला तर तुमचं शरीर पाच हजारांपर्यंत चांगलं जुळवून घेतं. त्यापुढे कॅम्प एक साधारण सहा हजारांवर, कॅम्प दोन ६४०० च्या आसपास, कॅम्प तीन शेजारच्या ल्होत्से शिखराच्या बर्फाळ भिंतीवर सात हजारांच्या वर, आणि साउथ कोल ७९०० च्या पुढे. शिखराची उंची नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये एकत्रितपणे ८८४८.८६ मीटर जाहीर केली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाबच नसल्यामुळे तो रक्तात पुरेसा उतरत नाही. आठ हजारांच्या वर शरीर जुळवून घ्यायचंच थांबवतं. तिथला प्रत्येक तास शरीर झिजतच असतं, झोपलात तरीही. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये यातलं काहीच तपासलं गेलेलं नाही.

आता चढाईचं. एव्हरेस्ट हे सगळ्यात मोठ्या आव्हानाचं प्रतीक झालंय. शाळेच्या भाषणात, कंपनीच्या वार्षिक सभेत, कुठेही कठीण गोष्टीला एव्हरेस्टचीच उपमा देतात. तुमच्या वाक्यातही तेच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे एक गैरसमज पसरलाय, की सर्वांत उंच म्हणजे चढायला सर्वांत कठीण. तसं नाही. के-टू किंवा अन्नपूर्णा यापेक्षा कितीतरी कठीण आणि जास्त घातक मानली जातात. नेपाळच्या बाजूच्या नेहमीच्या मार्गावर पायथ्यापासून शिखरापर्यंत दोर लावलेला असतो. बेस कॅम्पच्या लगेच वर खुंबू हिमप्रपात लागतो, म्हणजे भेगाळलेल्या, सरकत्या बर्फाचा उतार. तिथे शिड्या बांधलेल्या असतात. तंबू, जेवण, ऑक्सिजनचे सिलिंडर शेर्पा वर पोहोचवतात. म्हणून पैसे मोजून बऱ्याच वरपर्यंत जाता येतं. फक्त त्या पैशांत काय येत नाही, ते आधी कळलेलं बरं.

एकच उदाहरण देतो. लावलेल्या दोरावर चढताना हार्नेसमधून, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून, दोन स्लिंग (छोट्या पट्ट्या) निघतात. एकीला जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, दुसरीला सेफ्टी कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. दोर ठरावीक अंतरावर बर्फात अँकर केलेला, म्हणजे पक्का रोवलेला असतो. अँकरपाशी आलात की आधी सेफ्टी कॅराबिनर काढून अँकरच्या पलीकडच्या दोरात घालायचा, लॉक झालाय का हाताने चाचपायचं, मगच जुमार काढून पलीकडे लावायचा. कोणत्याही क्षणी दोनपैकी एक तरी दोरात हवाच. वाचायला सोपं वाटतं. आम्ही मुंब्र्याच्या कातळावर हेच करून घेतो, फक्त हातात जाड मिटन घालून आणि काळोखात, हेडटॉर्चच्या उजेडात. नवखा माणूस पहिल्या काही वेळा हमखास गोंधळतो. मिटनमध्ये कॅराबिनरचं गेट सापडत नाही, मग तो एक हातमोजा दातांनी ओढून काढतो. मुंब्र्यात चालून जातं. ल्होत्सेच्या भिंतीवर, निळ्या कडक बर्फावर, वाऱ्यात काढलेला हातमोजा उडून गेला की बोटं गेली. शिवाय मागे रांग थांबलेली असते, तुमचा शेर्पा चार पावलं वर असतो, आणि ऑक्सिजन कमी पडल्याने साधा विचारही सुचत नाही. त्या वेळी हाताला आपोआप आलं तरच ते आलं. ही सवय पैशांनी येत नाही, सराव करकरूनच येते.

यात दुसऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १८ एप्रिल २०१४ ला खुंबू हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला, त्यात १६ जण गेले. सगळे नेपाळी, मोहिमांचं सामान वाहणारे आणि दोर लावणारे. गिऱ्हाईक त्या हिमप्रपातातून मोजक्या वेळा जातो, शेर्पा सिलिंडर आणि तंबू घेऊन पुन्हा पुन्हा जातात. वर एखादा बसला की त्याला खाली आणायला जाणारा माणूसही शेर्पाच असतो, आणि तो स्वतःचं आयुष्य पणाला लावतो. आपली तयारी जितकी कमी, तितका त्याचा धोका जास्त. तुम्ही स्वतःच्या नावावर घेताय ते आव्हान अर्धं दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता कर्ज. नेपाळचा वसंत ऋतूतला परवाना आधी ११ हजार डॉलरला होता, सप्टेंबर २०२५ पासून १५ हजार डॉलर झाला. एजन्सीचे पैसे, शेर्पा, ऑक्सिजन, विमा, बूट-डाउन सूट वगैरे धरून एकूण खर्च आज चाळीस लाखांच्या आसपास, आणि चांगल्या सेवेसाठी त्याहून वर जातो. चाळीस लाख बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला जवळजवळ ८९ हजार येतो. तो भरणं शक्य आहे का, हे तुमचं तुम्ही बघा. मला काळजी हप्ता सुरू होण्याआधीच्या एका रात्रीची वाटते.

साउथ कोलवरून रात्री निघायचं, सकाळी शिखर, आणि दिवसा खाली, असा साधारण बेत असतो. मागे फिरायची वेळ आधीच ठरवलेली असते. तोपर्यंत पोहोचलात नाही तर जिथे असाल तिथून परत. नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे १२०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास, चार लिटर सोडला तर पाच. मे २०१९ मधला शिखराखालच्या रांगेचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. त्या रांगेत उभं असताना चढाई थांबलेली असते, पण सिलिंडर चालूच असतो. अशा वेळी कुणीतरी खांद्यावर थाप मारून म्हणतो, "चला, परत." त्या क्षणी ज्याच्या डोक्यात पाच वर्षांचे हप्ते आहेत, विकलेली जमीन आहे, सोसायटीच्या गेटवर लागलेला शुभेच्छांचा फलक आहे, तो सहजासहजी वळत नाही. मे १९९६ मध्ये एका वादळात आठ जण गेले. त्यांतले बरेचजण ठरलेली वेळ टळून गेल्यावरही चढत राहिले होते आणि त्यांच्यात अनुभवी गाइडही होते. अनुभवी माणसाला जे जमलं नाही, ते कर्जाच्या ओझ्याखाली तुम्हाला जमेल असं मी गृहीत धरणार नाही.

याच दबावाचं दुसरं टोकही घडून गेलंय. २०१६ मध्ये आपल्याच देशातल्या एका दांपत्याने शिखरावरचे फोटो बनावट केल्याचं उघड झालं आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. ते कुणी चोर-दरोडेखोर नव्हते. नुसतं नाव मोठं झालं की डोंगर मागे पडतो, तो असा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. एव्हरेस्टसाठी कर्ज काढू नका. जमिनीच्या सातबाऱ्यावर आईचं किंवा भावाचं नाव असेल तर तो विषय तर मुळीच काढू नका. गेले तर गेले म्हणता येतील, एवढेच पैसे डोंगरात घाला. तेवढे साठायला जो वेळ लागेल तो वाया जात नाही, कारण तयारीलाही तेवढाच वेळ लागतो. हवामान बिघडलं, मोहीम रद्द झाली, तुम्ही कॅम्प दोनवर आजारी पडलात, तरी बहुतेक पैसे परत मिळत नाहीत. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंपामुळे बेस कॅम्पवरच हिमकडा कोसळला आणि नेपाळच्या बाजूने त्या मोसमात कुणीच शिखरावर गेलं नाही. त्या वर्षी पैसे भरलेल्यांची चूक काहीच नव्हती.

महाराष्ट्रातून ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडे बघा. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण वर पोहोचले ते हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून, तिबेटच्या बाजूने. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली शिखरावर गेले. दोन्ही संघांच्या मोहिमा होत्या. संघात कुणी वर पोहोचतं, कुणी नाही, तरी मोहीम यशस्वी ठरते. एकट्याने पैसे मोजून गेलं की "मी पोहोचलो की नाही" एवढाच हिशोब उरतो. तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेत सामील व्हा असं मी म्हणतो ते याच कारणाने. तिथे तुमच्यापेक्षा अनुभवी चार माणसं तुम्हाला "अजून नाही" असं तोंडावर सांगतील.

मग क्रम काय असावा? दोन वर्षांऐवजी चार ते पाच वर्षं धरा. पंचेचाळिशीच्या आत हे अगदी आरामात बसतं, वयाची घाई करू नका. घाई फक्त एका गोष्टीची आहे, ती म्हणजे बेसिक माउंटेनियरिंग कोर्सची. उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, यांपैकी कुठेही. साधारण चार आठवडे लागतात, जागा लवकर भरतात आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेशाला चाळिशीच्या आसपास वयोमर्यादा असते. तुम्ही ३७ चे, म्हणून हे आजचं काम. "मला ट्रेकिंगचा अनुभव आहे" म्हणून हा कोर्स टाळणारे पुढे अडकतात. आइस अ‍ॅक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) घसरण थांबवणं, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे टोकदार खिळे) घालून उतारावर चालणं, हिमदरीतून, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेतून, माणूस वर काढणं, हे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी येत नाही. 'ए' श्रेणी मिळाली तरच पुढे अ‍ॅडव्हान्स कोर्सला घेतात.

कोर्सनंतर सहा हजारांचं शिखर. लडाखचं कांग यात्से-टू, नाहीतर नेपाळचं मेरा पीक (६४७६ मीटर) किंवा आयलंड पीक. इथे शिखर मिळालं की नाही यापेक्षा तुम्ही स्वतःच्या शरीराची भाषा शिकलात की नाही ते बघा. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा, हा नियम तुम्ही पाळताच. पण बसल्या जागी दम लागायला लागला, खोकला वाढला, तर फुप्फुसात पाणी होतंय का ही शंका पहिली घ्यायची. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालता येत नसेल, तर मेंदूला सूज असू शकते. दोन्हींत उतारा एकच, ताबडतोब खाली उतरणं. औषध आणि ऑक्सिजन हे फक्त उतरायला वेळ मिळावा म्हणून. आपल्या दोराच्या जोडीदारात ही लक्षणं तुम्ही ओळखू शकलात, तर पुढे जायला तयार झालात असं मी समजतो.

त्यानंतर सात हजार. नून (७१३५) किंवा सतोपंथ (७०७५). माझ्या मते खरी परीक्षा इथे होते. नेपाळ सरकारनेही एव्हरेस्टच्या परवान्याआधी सात हजारांचं शिखर झालेलं असावं, अशी अट आणायचा विचार मांडला आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो. सात हजारांवर तुम्ही स्वतःचा तंबू उभारलात, बर्फ वितळवून पाणी केलंत, अंगात जीव नसताना जेवलात आणि दुसऱ्या दिवशी शाबूत खाली आलात, की एव्हरेस्टची तारीख ठरवा. मध्ये मनासलूसारखं (८१६३) एक शिखर झालं तर उत्तम, पण त्याचा खर्च मोठा आहे, म्हणून ते मी सक्तीचं म्हणत नाही.

इथल्या तयारीबद्दल तुम्ही विचारलंच आहे. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीला, इथे राहून विरळ हवेची सवय होत नाही. ऑनलाइन मिळणारे ट्रेनिंग मास्क घेऊ नका, ते फक्त श्वास घ्यायला अडथळा आणतात, हवेचा दाब कमी करत नाहीत. इथे बांधायचा तो दम आणि पाय. आठवड्यातले चार दिवस तासभर अशा वेगाने चाला-पळा की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. बहुतेक जण रोज दमछाक होईपर्यंत पळतात आणि सहा महिन्यांत गुडघा घेऊन बसतात. कळव्याहून तुम्हाला मुंब्रादेवीच्या पायऱ्या जवळ आहेत, येऊरचा चढाचा रस्ता आहे. जंगलाचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे परवानगीशिवाय शिरू नका. पावसाळ्यात टॉवरचे जिने. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, पंधरा किलोपर्यंत हळूहळू न्या, वर पोहोचलात की पाणी झाडांना ओतून रिकाम्या सॅकने उतरा. चढताना वजन, उतरताना नाही, गुडघे वर्षानुवर्षं टिकतात ते यामुळे. महिन्यातून दोनदा लांबचा दिवस करा. पहाटेची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरा, माहुली करून संध्याकाळी परत. आठ-दहा तास सतत हालचाल, मधे फार न बसता. शिखराच्या दिवशी लागते ती हीच ताकद.

सुरुवात मात्र डॉक्टरांपासून करा. स्ट्रेस टेस्ट, इको, रक्ततपासणी. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घेणार असाल तर सल्फाच्या अ‍ॅलर्जीबद्दल आधीच विचारा. विम्याची पॉलिसी काढून वाचा, बऱ्याच अपघात विम्यांत गिर्यारोहण वगळलेलं असतं. आणि घरच्यांशी एकदा खर्चासकट, धोक्यासकट सगळं बोला. शिखर न मिळता परत आलो तरी चालेल ना, हे त्यांच्या तोंडून ऐका.

तपासण्या झाल्या आणि बेसिकची तारीख मिळाली की इथेच लिहा. कोर्सच्या आधीच्या तीन महिन्यांचा सराव कसा बसवायचा ते तुमच्या शिफ्ट बघून सांगतो. जुमारचा सराव करायचा असेल तर पाऊस उघडल्यावर रविवारी सकाळी मुंब्र्याला या. हार्नेस आमच्याकडे आहेत, जाड मिटन तेवढे तुमचे आणा.